शरणपूरची मुले

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'शरणपूर रोड' एवढे सांगितले की पुरते. तो पुढे काही विचारत नाही. त्र्यंबक नाक्याच्या बाजूने निघायचे, टिळकवाडी, महापालिकेचे राजीव गांधी भवन, कॅनडा कॉर्नर. दवाखाने, बँका, कपड्यांची दुकाने. संध्याकाळी तर पाय ठेवायला जागा नसते. मी कॉलेजात होतो तेव्हा भद्रकालीतून सायकल काढून याच रस्त्याने कॉलेज रोडला जात असे. टिळकवाडीत तात्यासाहेब शिरवाडकरांचे घर होते. कवितांची वही पिशवीत घालून मी दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा तोंड फिरवून परत आलो. ते असो.

त्या तीन वर्षांत मला एक साधा प्रश्न कधी पडला नाही. त्र्यंबक रोड त्र्यंबकेश्वरला जातो, गंगापूर रोड गंगापूरला जातो, दिंडोरी रोड दिंडोरीला. मग शरणपूर रोड कुठे जातो?

उत्तर असे, की तो कुठेच जात नाही. तो पोचलेलाच आहे. शरणपूर नावाचे एक छोटे खेडे होते, शहरापासून मैल-दीड मैलावर, आणि शहर वाढत वाढत त्याच्या अंगावरून पुढे निघून गेले. खेडे गिळले गेले, नाव रस्त्याला राहिले. गावांचे असे नेहमीच होते, त्यात नवल नाही. नवल आहे ते या खेड्यात वाढलेल्या मुलांचे. एका जुन्या वाचनालयात डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासाच्या रोजनिशीचे पुस्तक चाळताना माझी त्यांच्याशी गाठ पडली. आफ्रिकेच्या जंगलातले वर्णन, आणि मधेच 'नासिक बॉइज'. पहिल्यांदा वाटले, छपाईची चूक असावी. नाशिकचे स्पेलिंगही जुने, दोन एस घातलेले. पण पुढच्या पानावर पुन्हा तेच. नाशिकची मुले.

आता थोडे मागे जाऊ.

इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री नाशिकला आले १८३२ मध्ये. त्यांत फरार नावाचे एक होते; त्यांचा मुलगा पुढे इंग्लंडात कँटरबरीचा डीन झाला. तीर्थक्षेत्री येऊन दुसऱ्या धर्माचा प्रचार करणाऱ्यांचे गावात कसे स्वागत झाले असेल हे नाशिककरांना सांगायला नको. पहिली वीसेक वर्षे कामाला फारशी फळे लागली नाहीत. नंतर विल्यम सॉल्टर प्राइस हे पाद्री आले. जो माणूस ख्रिस्ती होतो त्याला घर, विहीर आणि धंदा तिन्हींना मुकावे लागते, तेव्हा त्याला राहायला स्वतंत्र जागा हवी, हे या गृहस्थांनी ओळखले. १८५४-५५ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेला त्यांनी वसाहत उभी केली आणि तिला नाव दिले शरणपूर. शरण आलेल्यांचे गाव. बायबलात आश्रयाच्या नगरांचा उल्लेख आहे, तो त्यांच्या मनात असणार. पण शब्द मात्र त्यांनी आपला, संस्कृत-मराठीचा घेतला. हे नाव ठेवणाऱ्याला भाषेचा कान होता, असे मला कवी म्हणून वाटते.

गावाची मांडणी मात्र अगदी इंग्रजी. इंग्लंडातल्या खेड्यात मध्यभागी चर्च असते, शेजारी पाद्रीसाहेबांचे घर, मग शाळा, मग कारागिरांची घरे आणि भोवती शेते. शरणपूरला तेच सारे होते: प्रार्थनामंदिर, शाळा, अनाथालय, घरांच्या ओळी आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवणारा कारखाना. रविवारची घंटाही इंग्रजी आणि कामाच्या वेळाही. पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, गोदावरीवरून वारा येतो, आणि त्यात हे एक चौकोनी शिस्तीचे खेडे. वाड्यांत आणि गल्लीबोळांत वाढलेला नाशिककर कधी तिकडे फिरकला तर त्याला ते खेळण्यातले वाटत असेल.

या गावात आफ्रिकेची मुले आली कशी?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अटलांटिक महासागरातला गुलामांचा व्यापार ओसरत चालला होता, पण आपल्या बाजूच्या समुद्रात तो जोरात होता. आफ्रिकेच्या आतल्या भागातून माणसे पकडायची, गळ्यात लाकडी बेड्या घालून किनाऱ्यापर्यंत चालवायची, झांजिबारच्या बाजारात विकायची आणि गलबतांत कोंबून अरबस्तान, इराणचे आखात इकडे पाठवायची. धंदा करणारे सगळ्या जातिधर्मांचे होते. अरब व्यापारी होते, त्यांना कर्ज देणारे हिंदी सावकारही होते. मुसलमान म्हणून मला यातला आमचा वाटा लपवायचा नाही, आणि तो एकट्याच्या डोक्यावर घ्यायचाही नाही. इंग्रजांची लढाऊ जहाजे ही गलबते पकडत. पकडलेल्या गलबतातून निघालेल्या लहान मुलांचे करायचे काय? परत किनाऱ्यावर सोडावे तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडली जाणार. आपले गाव कुठले हे सहा-सात वर्षांचे पोर सांगू शकत नाही. म्हणून त्यांतली पुष्कळ मुले मुंबई बंदरात उतरवली जात. मुंबईच्या मिशनकडची अशी काही मुले-मुली १८६० च्या सुमारास शरणपूरला आली. मिशनच्या कागदांत त्या जागेला आफ्रिकन असायलम, म्हणजे आफ्रिकनांचा आश्रम, असे नाव आहे.

आफ्रिकेतून विकून आणलेला माणूस ही दख्खनला नवी गोष्ट नव्हे. मलिक अंबर याच वाटेने आला. हबसाणात जन्मलेल्या या पोराचे पहिले नाव चापू. बगदादच्या व्यापाऱ्याने त्याचे नाव अंबर ठेवले. तो पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, मोगलांना दमवून सोडले, खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले, तिथे पाण्याची नहर आणली आणि १६२६ मध्ये वारला. जंजिऱ्याच्या सिद्दींचे राज्य तर १९४८ पर्यंत होते. तलवार हाती आली की गुलामाचा सरदार होई. शरणपूरच्या मुलांच्या हाती रंधा आणि पुस्तक आले.

नावे मात्र त्यांचीही बदलली. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत ही नावे येतात: सायमन प्राइस, रूबेन स्मिथ, एडवर्ड गार्डनर. नंतरच्या तुकडीत कारस फरार, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. प्राइस आणि फरार ही नाशिकच्या पाद्र्यांचीच आडनावे. मूल समुद्रातून आले, नाशिकला बाप्तिस्मा झाला, आणि घाटावरच्या या गावात ते सायमन प्राइस झाले. प्राइससाहेबांच्या दयाबुद्धीबद्दल मला शंका नाही. पण आश्रयाचे भाडे असते आणि इथे ते नावाच्या रूपाने वसूल झाले, हेही खरे.

१८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईत आले. त्याच साली थळघाटातून रेल्वे सुरू झाली होती आणि नाशिक मुंबईला जोडले गेले होते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर हे त्यांचे चाहते. नाइल नदीचा उगम शोधण्यासाठी लिव्हिंग्स्टन पुन्हा आफ्रिकेत निघाले होते आणि त्यांना बरोबर माणसे हवी होती. नाशिकच्या शाळेतली नऊ मुले त्यांच्याबरोबर गेली. शिवाय चुमा आणि सुसी हे दोघे. चुमा १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटलेला, मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत शिकलेला. अब्दुल्ला सुसी हा झांबेझी नदीकाठचा मुसलमान, मुंबईच्या गोदीत काम केलेला. इंग्रजी पुस्तकांत पुष्कळदा या सर्वांना सरसकट नाशिकची मुले म्हटले आहे. तसे ते नव्हते.

या नऊ जणांचे काही फार कौतुक लिव्हिंग्स्टन यांनी केलेले नाही. आळशी आहेत, ऐकत नाहीत, अशा तक्रारी रोजनिशीत आहेत. काही आजारात गेले, काही वाटेत सोडून गेले. एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत राहिला. मला त्या तक्रारी वाचताना हसू येते. गुलामांच्या तांड्यातून सुटलेले, समुद्र पार करून नाशिकला सुतारकाम शिकलेले पोर. त्याला पुन्हा त्याच जंगलात, त्याच वाटांनी, डोक्यावर गाठोडे देऊन चालवायचे आणि ते उत्साही नाही म्हणून नाराज व्हायचे!

१८७२ मध्ये नाशिकची आणखी सहा मुले लिव्हिंग्स्टनकडे पोचली. त्यांत जेकब वेनराइट होता. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा, जेमतेम विशीच्या आसपासचा. पुढच्या वर्षी, १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबिया देशातल्या चितांबो नावाच्या गावी लिव्हिंग्स्टन एका गवती झोपडीत वारले. पहाटे माणसांनी पाहिले तेव्हा ते खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत होते.

इथून पुढची गोष्ट या मुलांची आहे. साहेब गेला, पगार देणारा कोणी उरला नाही, देश परका. तिथेच पुरून मोकळे होता आले असते. त्यांनी ठरवले की साहेबाला त्याच्या देशात पोचवायचे. काळीज आणि आतडी झाडाखाली पुरली. जेकबने प्रार्थनेच्या पुस्तकातला अंत्यविधी वाचला आणि झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली. देह मीठ लावून दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि साठेक माणसांचा हा तांडा समुद्राकडे निघाला. हजाराहून अधिक मैल, नऊ महिने. वाटेत काही गावे मृतदेह नेऊ देत नव्हती. मग त्यांनी खोटे प्रेत बांधले आणि ते परत पुरायला नेतो आहोत असा देखावा केला. खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून त्यांनी पुढे काढला. वाटेत कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सुचवले, इथेच पुरा, कशाला जिवावर उदार होता. त्यांनी ऐकले नाही.

१८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयो बंदराला पोचले. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला आणि बहुतेकांना हिशेब चुकता करून वाटेला लावले. विलायतेला बरोबर गेला तो फक्त जेकब, तोही मिशनने त्याचे भाडे भरले म्हणून. लंडनला वर्षानुवर्षांपूर्वी सिंहाने चावलेल्या दंडाच्या हाडावरून देहाची ओळख पटवली गेली आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. शवपेटीची झालर धरून चालणाऱ्या मानकऱ्यांत शरणपूरच्या शाळेतला जेकब वेनराइट होता. ज्या वास्तूत इंग्लंडचे राजे पुरले आहेत तिथे नाशिकला वाढलेला हा पोरगा त्या दिवशी उभा होता, आणि आपल्या शहरात त्याच्या नावाची एक पाटीही माझ्या पाहण्यात नाही.

चुमा आणि सुसी दफनाला नव्हते. त्यांच्या तिकिटाची कोणाला आठवण झाली नाही. काही आठवड्यांनी जेम्स यंग या लिव्हिंग्स्टन यांच्या श्रीमंत मित्राने स्वतःच्या खर्चाने त्यांना आणवले. आणि मग हे दोघे गेले ते एका खऱ्याखुऱ्या इंग्रजी खेड्यात. त्याचे नाव ट्वायवेल, नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात. चुनखडीच्या दगडाची घरे, नॉर्मन काळातले सेंट निकोलसचे चर्च, आजूबाजूला शेते आणि लोहखनिजाच्या खाणी, एक बारके रेल्वे स्टेशन. गावाच्या नावाचा अर्थच दोन झरे. १०८६ मध्ये इंग्लंडच्या राजाने जी जमिनींची मोजणी करवली तिच्यातही या गावाची नोंद सापडते. तिथले पाद्री होरेस वॉलर हे लिव्हिंग्स्टन यांचे जुने सहकारी. रोजनिशीचे बाड त्यांच्याकडे संपादनासाठी आले होते. पाने भिजलेली, अक्षरे उडालेली, गावांची नावे लागत नाहीत. ती लावून दिली चुमा आणि सुसीने. कुठल्या नदीनंतर कुठले गाव, कोण राजा भला, कोण दगाबाज, सगळे त्यांना पाठ होते. शेवटच्या दिवसांची हकीकत तर त्यांच्याशिवाय सांगणार कोण? १८७४ च्या डिसेंबरात ते पुस्तक दोन खंडांत बाहेर पडले. मुखपृष्ठावर नाव लिव्हिंग्स्टन यांचे आणि संपादक वॉलर.

ट्वायवेलचे शेतकरी या दोघांकडे कसे पाहत असतील, हे चित्र मी मनाशी अनेकदा रंगवले आहे. नाशिकचे लोक शरणपूरच्या मुलांकडे पाहत असतील तसेच, बहुधा. थोडे कुतूहल, थोडी भीती, आणि पोरांना मागे लागायला एक निमित्त.

जेकबने स्वतः डायरी लिहिली होती. लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूची, तिथे हजर असलेल्या आफ्रिकन माणसाच्या हातची ती लेखी हकीकत. मूळ हस्तलिखित स्कॉटलंडमध्ये, लिव्हिंग्स्टन यांच्या जन्मगावच्या संग्रहालयात आहे. सर्वांना वाचता येईल अशी ती इंटरनेटवर आली २०१९ मध्ये. म्हणजे शरणपूरला शिकलेले अक्षर जगासमोर यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. जेकब इंग्लंडात काही महिने सभा-व्याख्याने करून आफ्रिकेला परतला आणि १८९२ मध्ये तिकडेच वारला. चुमा त्याआधी दहा वर्षे, १८८२ मध्ये गेला. सुसीने १८८६ मध्ये बाप्तिस्मा घेतला, डेव्हिड हे नाव घेतले, आणि १८९१ मध्ये झांजिबारला देह ठेवला.

लिव्हिंग्स्टनच्या प्रेतयात्रेपाशी बहुतेक पुस्तके थांबतात. माझ्या मते शरणपूरची मोठी गोष्ट त्यानंतरची आहे.

बार्टल फ्रियर यांनी १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाशी बोलणी चालवली, त्याच साली तह झाला आणि तिथला गुलामांचा बाजार बंद पडला. आता सुटलेल्या माणसांना ठेवायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच एक शरणपूर हवे, असे ठरले. ते उभारायला पुन्हा प्राइस यांनाच पाठवले. मोंबासासमोर १८७५ मध्ये जी वसाहत झाली तिचे नाव फ्रियर टाउन. तिथे शिक्षक, सुतार, लोहार, उपदेशक म्हणून नाशिकची आफ्रिकन माणसे गेली. नाशिकचा नमुना तिकडे गेला. गुलाम पकडणाऱ्यांची गलबते दिसली की वाजवायची घंटाही तिथे बसवली. स्वाहिली भाषेत घंटेला केंगेले म्हणतात, म्हणून त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात. नाशिकचा आश्रम त्यानंतर ओस पडत गेला.

नाशिकहून गेलेल्यांना तिकडे 'बाँबे आफ्रिकन' म्हणत. इकडे ते आफ्रिकन होते, तिकडे बाँबेचे झाले. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला, 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न कविसंमेलनात जेवणाच्या पंगतीला हमखास विचारतात. भद्रकाली म्हटले की समोरचा म्हणतो, 'तसं नव्हे, मूळचे?' त्यामुळे या मंडळींचे मला लवकर कळले.

त्यांच्यातले विल्यम जोन्स यांची हकीकत ऐका. १८६४ मध्येच इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड यांच्यासह ते नाशिकहून मोंबासाला गेले. १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. दीक्षा देणारे बिशप हॅनिंग्टन त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर मारले गेले. त्यांच्या तांड्याची पिछाडी सांभाळत होते जोन्स. उरलेली माणसे घेऊन ते निळे निशाण लावून परत आले. त्या निशाणावर वैभव लयाला गेल्याचा अर्थ सांगणारा बायबलातला एक शब्द लिहिलेला होता.

हेच जोन्स मोंबासाजवळच्या राबाई गावच्या मिशनवर होते. मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईला येऊ लागले. गोऱ्या पाद्र्यांचे धोरण असे की पळालेल्यांना ठेवून घेऊ नये, मालक चिडतात, सुलतान नाराज होतो. जोन्स यांच्या वेळी राबाईला येणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. शरण आलेल्याला परत पाठवायचे कसे, हे शरणपूरला वाढलेल्या माणसाला कोण शिकवणार? १८८८ मध्ये मालक लोक हत्यारे घेऊन यायच्या गोष्टी करू लागले. प्राइस तिसऱ्यांदा आफ्रिकेत आलेले होते. अखेर इंग्रज कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १८८९ च्या आरंभी राबाईला स्वातंत्र्याचे दाखले वाटले गेले. चौदाशेहून अधिक माणसे त्या वेळी मोकळी झाली.

गोऱ्या मिशनऱ्यांशी या बाँबे आफ्रिकनांचे पुढे खटके उडत राहिले. शिक्षण बरोबरीचे, काम बरोबरीचे, मान आणि पगार मात्र दुय्यम. ती वेगळी कहाणी आहे. १९३४ मध्ये जेम्स जुमा म्बोतेला यांनी स्वाहिलीत गुलामांच्या मुक्ततेवर पुस्तक लिहिले. ते सुटलेल्या गुलामाचे पुत्र, फ्रियर टाउनचे. म्हणजे तिकडच्यांनी आपली आठवण लिहून ठेवली.

लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत जास्त जगले. म्हातारपणी मोंबासात लोक मुद्दाम त्यांना पाहायला जात, फोटो काढत, लिव्हिंग्स्टनबद्दल विचारत. १९३५ मध्ये ते वारले. नाशिकला येण्याआधी, गलबतात चढवले जाण्याआधी, त्यांचे नाव चेंग्विंबे होते.